डेन्मार्क, नेदरलँड्स आणि माझे दोन पाय

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली छोटी रबरी हातोडी मारली आणि पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग दुसऱ्या गुडघ्याखाली, मग दोन्ही टाचांच्या वर. मी पलंगाच्या कडेला बसून माझ्याच पायांकडे बघत होते. ते नेहमीसारखेच दिसत होते, खाली लोंबत होते, आणि कोणी कितीही मारलं तरी त्यांना त्याचं काही नव्हतं.

"गियान-बारे सिंड्रोम असावा असं मला वाटतंय," डॉक्टर फिओना म्हणाल्या. त्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टर. तोंडावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, त्यामुळे मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी ते नाव एका कागदी टॉवेलवर लिहून माझ्या हातात दिलं.

मग समजावून सांगितलं. मज्जातंतू म्हणजे मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या तारा. एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि या तारांवरच हल्ला करते. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढतो. कुठपर्यंत चढेल ते आधी सांगता येत नाही. चढायचा थांबला की माणूस हळूहळू उतरणीला लागतो.

"मी चालेन ना परत?" मी विचारलं.

"बहुतेक लोक चालतात."

मी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात लॅबमध्ये काम करते. पोलादाच्या पट्ट्या यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणायच्या आणि कुठे तुटल्या ते नोंदवायचं, हे माझं क्वालिटीचं काम. आमच्याकडे 'बहुतेक' असा शेरा चालत नाही. पण त्या मंगळवारी दुपारी मी तो निमूटपणे घेतला. दुसरं होतं काय हातात?

हे २०२१ सालच्या ऑगस्टमधलं. लॉकडाऊन होतं. माझा नवरा निखिल आणि आमची दहा वर्षांची मुलगी इरा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होती, कारण आत कोणालाच सोडत नव्हते. निदान मी त्यांना फोनवरून सांगितलं. निखिलने ते नाव तीनदा लिहून घेतलं आणि मग म्हणाला, "मग बी-ट्वेल्व्ह नाहीये का ते?"

हे बी-ट्वेल्व्हचं प्रकरण आधी सांगते, कारण मी हे लिहितेय ते मुख्यतः त्यासाठीच.

गुरुवारी सकाळी माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. शुक्रवारी तळव्यांना. मांडी घालून बसल्यावर येतात तशाच, फक्त जात नव्हत्या. निखिलने ठाण्याच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा म्हणजे त्याच्या आईचे धाकटे भाऊ, चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले. आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे डॉक्टर तेच.

"शाकाहारी ना तू? मग बी-ट्वेल्व्ह," मामा म्हणाले. "घरात गोळ्या असतील."

घरात गोळ्या होत्याच. परदेशातल्या कुठल्या मराठी घरात नसतात? श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आम्ही भारतातून आणलेलं अर्धं मेडिकल दुकान साठवलेलं होतं. शिवाय मामा काय नवीन सांगत नव्हते. आपल्याकडे शाकाहारी माणसाचे केस गळले तरी बी-ट्वेल्व्ह, चिडचिड झाली तरी बी-ट्वेल्व्ह. मी दिवसाला दोन गोळ्या सुरू केल्या आणि कामाला लागले.

रविवारी घराच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला. निखिल म्हणाला, "अगं, गोळ्यांना जरा वेळ दे." सोमवारी खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागला. आमचा जीपी, म्हणजे इथला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. फोन करायचं मनात आलं होतं. पण एवढ्याशा मुंग्यांसाठी डॉक्टरचा वेळ कशाला घ्यायचा, शिवाय हॉस्पिटलमध्ये पाठवलं तर तिथला कोव्हिड अंगावर घ्यायचा का, असं म्हणून मी शहाणपणा केला आणि घरीच बसले.

मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालायला उठले आणि वॉशिंग मशिनपाशी कोसळले. तेव्हा कुठे जीपीला फोन गेला. त्याने मला दोनच प्रश्न विचारले. पायाचे अंगठे वर उचलता येतात का? हात न लावता खुर्चीतून उठता येतं का? दोन्हीची उत्तरं नाही अशी होती. "लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, मी फोनवर थांबतो," तो म्हणाला. जे आम्हाला पाच दिवसांत सुचलं नाही ते त्याने दोन मिनिटांत ओळखलं.

आता त्या दोन देशांबद्दल.

आम्ही सहा वर्षांपूर्वी पुण्याहून वॉलॉंगॉंगला आलो. निखिल सिडनीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आधी ट्रेनने जायचा, कोव्हिड आल्यापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून काम करायचा. जुलैमध्ये कंपनीने कळवलं की इथली टीम बंद होणार. टिकायचं असेल तर दोन ठिकाणी जागा आहेत, कोपनहेगन किंवा आइंडहोवन. डेन्मार्क किंवा नेदरलँड्स. ऑगस्टअखेरपर्यंत उत्तर हवं होतं.

निखिलला कुठेही चाललं असतं. मला चाललं नसतं. मी एक्सेल उघडलं आणि फाइलला नाव दिलं, 'क्वालिटी ऑफ लाइफ'. डावीकडे मुद्दे, मग डेन्मार्कचा रकाना, मग नेदरलँड्सचा. घर, शाळा, भाषा, हवा, सुट्ट्या, सायकलचे रस्ते, पालेभाज्या मिळतात का, आईला चार महिने बोलावता येईल का. प्रत्येकाला दहापैकी मार्क. डेन्मार्क हिवाळ्यातल्या अंधारामुळे मागे पडायचं आणि ऑफिस चारला सुटतं म्हणून पुन्हा पुढे यायचं. नेदरलँड्सला जागा लहान, पण इंग्रजीवर निभतं. तीन आठवडे मी रोज चहाबरोबर दोन देशांना मार्क देत होते. 'आरोग्यसेवा' या ओळीत मी वेबसाइट वाचून दोघांनाही नऊ दिले आणि पुढे गेले. मी धडधाकट होते. त्या ओळीत वेळ कशाला घालवायचा?

मला माहिती पुरवणाऱ्या दोघी माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणी. प्राची कोपनहेगनमध्ये, शिल्पा आइंडहोवनमध्ये. इंजिनिअरिंगला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. दोघीही आपापल्या देशाची बाजू अशा लढवायच्या की जणू माहेरच ते.

पुन्हा हॉस्पिटलकडे. बुधवारी लंबर पंक्चर झालं. म्हणजे कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढतात. ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही. पाठ वाकवून निश्चल राहायचं, एवढंच अवघड. पाण्यात प्रोटीन वाढलेलं निघालं, ही या आजाराची खूण. मग नर्व्ह कंडक्शन स्टडी. त्यात हातापायांना विजेचे छोटे झटके देऊन तारांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. माझा संदेश रमतगमत चालला होता.

"अलीकडे पोट बिघडलं होतं का?" डॉक्टर फिओनांनी विचारलं. दोन आठवड्यांपूर्वी तीन दिवस जुलाब झाले होते. असा जंतू अनेकदा कोंबडीच्या कच्च्या मांसातून येतो, त्या म्हणाल्या, पण तुमच्या बाबतीत कुठून आला ते नक्की सांगता येणार नाही. आमच्या घरात कोंबडी फक्त निखिल खातो आणि चिरायचा पाट एकच आहे. जन्मात कोंबडीला हात न लावता ती मला भोवली असेल, तर तिच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. निखिलला मात्र मी हे हसून सांगितल्यावर तो अजिबात हसला नाही.

उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. पाच दिवस सलाइनसारखी देतात, बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करायला. बाटलीतला तो फेसाळ द्रव थेंबथेंब उतरताना मी बघत पडायचे. ज्यांनी कधीतरी एखाद्या दुपारी जाऊन रक्त दिलं असेल, त्या कोणालाच मी ओळखत नाही. पण आज मी त्यांच्यामुळे लिहितेय.

दर चार तासांनी नर्स एक नळी आणायची. खोल श्वास घेऊन तिच्यात फुंकायचं आणि आकडा बघायचा. श्वासाचे स्नायू किती चालताहेत ते त्यावरून कळतं. पाय गेले तर माणूस झोपून राहतो, पण अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. बुधवारपासून माझा आकडा दर खेपेला थोडा खाली येत होता. मला असे आकडे वाचता येतात. पट्टी तुटण्याआधी यंत्रावरची रेघ कशी जाते ते मी रोज बघते. गुरुवारी हातात कप धरवेना. शुक्रवारी ओठ एका बाजूला ओघळले आणि मला आयसीयूत हलवलं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर फिओनांनी निखिलला फोन करून सांगितलं की व्हेंटिलेटर लावायची वेळ येऊ शकते, तयारी ठेवा. मी बाजूलाच होते, मला ऐकू येत होतं. मला भीती वाटली. मरणाची तितकीशी नाही. इराला मी शेवटचं काय बोलले ते आठवेना, त्याची वाटली. मग आठवलं. "ते ओले मोजे उचल," एवढंच म्हणाले होते.

व्हेंटिलेटर लागला नाही. शनिवारी आकडा तिथेच राहिला. रविवारीही तिथेच. सोमवारी किंचित वर आला. जोसी नावाच्या नर्सने आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "देअर यू गो, डार्ल." मी रडले. डोळे पुसायला हात उचलत नव्हता, म्हणून तिने पुसले.

दुसऱ्या आठवड्यात मी वॉर्डात परत आले. छातीपासून वरचं सगळं ताब्यात होतं, हात अर्धेमुर्धे, पाय अजिबात नाहीत. निखिल रोज फोन करायचा. "कंपनीला काय सांगितलंस?" मी विचारायचे. "मुदत मागितली आहे, तू आराम कर," तो म्हणायचा. मग मी ठरवून टाकलं. मुदत आहे तोवर उभं राहायचं. विमानात चढताना व्हीलचेअर घ्यायची नाही.

एका शनिवारी जोसीने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि मी प्राची-शिल्पाला एकदम कॉल लावला. माझी दुपार, त्यांची सकाळ. दोघी आधी भरपूर रडल्या. ते उरकल्यावर मी कामाचा प्रश्न विचारला. समजा मी तुमच्या देशात असते आणि पायांना मुंग्या आल्या असत्या, तर काय झालं असतं? मला 'आरोग्यसेवा' ही ओळ नीट भरायची होती.

प्राची सांगू लागली. "सकाळी आठ ते नऊ आपल्या डॉक्टरला फोन करायचा. तो ठरवतो, पुढे पाठवायचं की नाही." मग थांबली. "पण खरं सांगू? मी फोन केला नसता. मी आधी भारतात आमच्या डॉक्टर सुरेशकाकांना विचारलं असतं. मागच्या हिवाळ्यात मला सकाळी उठवत नव्हतं, नुसतं रडू यायचं. काका म्हणाले, डी व्हिटॅमिन घे. मी चार महिने तेच घेत बसले. शेवटी ऑफिसातल्या बाईने हाताला धरून नेलं डॉक्टरकडे."

"चार महिने? आणि आम्हाला बर्फातले फोटो पाठवत होतीस?" मी म्हणाले.

"मग काय रडतानाचे पाठवू?"

मग शिल्पाची पाळी आली. "आम्ही सगळे चेष्टा करतो ना, की इथले डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात," ती म्हणाली. "माझ्या काखेत गाठ होती. डॉक्टरने पहिल्याच दिवशी हात लावून बघितली आणि त्याच आठवड्यात तपासणीला पाठवलं. पण त्या आधीचे सहा महिने मी ती फक्त माझ्या वहिनीला दाखवत होते. व्हिडिओवर. ती होमिओपॅथ आहे."

"गाठ कसली होती?" प्राचीने विचारलं.

"होती तशीच. आता नाहीये. औषध चालू आहे." आणि मग पटकन, "कळवून काय होणार होतं? तुम्ही तिथे बसून काळजी करत बसला असता."

तीन देश. तिन्ही ठिकाणी चांगले डॉक्टर, तिन्ही ठिकाणी दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि आम्ही तिघी शिकल्यासवरल्या बायका, दुखणं उचलून आधी व्हॉट्सॲपवरून भारतात पाठवणाऱ्या. कोपनहेगन असो, आइंडहोवन असो, नाहीतर वॉलॉंगॉंग, आमचं राहणं तिथे होतं पण आजारपण अजून ठाणे-पुण्यातच होतं. मी दोन देशांना मार्क देत बसले होते आणि आम्ही स्वतःला मात्र तपासलंच नव्हतं.

यात मामांना बोल लावायचा माझा हेतू नाही. त्यांनी स्वतःच फोन केला. "मृणाल, बाळा, चुकलं माझं," ते म्हणाले. "समोर असतीस तर हातोडी मारून बघितली असती. पेशंटला हात न लावता औषध सांगायचं नाही, हे मी माझ्या ज्युनिअरना शिकवायचो." सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज असा झालेला मला ऐकवेना. मी म्हणाले, "मामा, आम्ही तरी कुठे तुम्हाला सगळं सांगितलं? जिना चढता येत नाही हे लपवलंच की." ते खरं होतं. बी-ट्वेल्व्ह पसंत पडलं होतं म्हणून आम्ही पुढचं सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मला रिहॅबमध्ये हलवलं. रिहॅब म्हणजे शरीराला पुन्हा शिकवायची शाळा. पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट टीगनने एक फॉर्म दिला. वर ठळक लिहिलं होतं, क्वालिटी ऑफ लाइफ. मला हसूच आलं. गेले दोन महिने याच नावाची माझी फाइल होती. मी चष्मा मागून घेतला आणि प्रश्न वाचले.

स्वतः मोजे घालता येतात का? बाथरूमला कोणाच्या मदतीशिवाय जाता येतं का? घास स्वतः तोंडापर्यंत नेता येतो का? मागच्या आठवड्यात किती वेळा आपण कोणावर तरी ओझं आहोत असं वाटलं?

हवा, सुट्ट्या, सायकलचे रस्ते यांचा कुठे पत्ता नव्हता. मी प्रामाणिकपणे उत्तरं लिहिली, म्हणजे टीगनने माझ्यासाठी खुणा केल्या. बहुतेक शून्य. शेवटच्या प्रश्नाला 'रोज'. मी तिला म्हटलं की मला डेन्मार्क आणि नेदरलँड्सपैकी एक निवडायचाय. ती म्हणाली, "नो वरीज. आधी पलंग सोडून खुर्ची निवडू या."

दिवस असे मोजले जायचे. तिसऱ्या दिवशी आधाराशिवाय बसले. नवव्या दिवशी धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये उभी राहिले, टीगनने कमरेचा पट्टा धरलेला, आणि आठपर्यंत मोजून झाल्यावर गुडघे दुमडले. त्यानंतर दोन दिवस काहीच प्रगती नाही. हा आजार झालाच तर हे तुम्हालाही होईल. सुधारणा रोज होत नाही. ती थांबते, रुसते, मग एखाद्या सकाळी अंगठा हलतो. आणि थकवा असा की केस विंचरून झाले की झोप लागायची. त्याला आळस समजू नका, आणि घरच्यांना तसं म्हणू देऊ नका.

मग इराचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या ऑनलाइन शाळेचं काहीतरी चाललं होतं, आपल्या भागाचा नकाशा काढायचा होता. मी म्हटलं, "काढ छान. पुढच्या वर्षी नव्या शाळेत दाखवता येईल, तुझं जुनं गाव म्हणून."

"बट वी आर नॉट गोइंग, आई," ती म्हणाली. "बाबा सेड नो टु देम. लाइक, एजेस अगो."

मी तिला काही दाखवलं नाही. नकाशा पाहिला, समुद्राला निळा रंग दे म्हटलं आणि फोन ठेवला. मग निखिलला मेसेज केला की कंपनीला पाठवलेलं उत्तर मला पाठव. त्याने पाठवलं. दोन्ही जागा नको, अशी तीन ओळींची मेल. पाठवल्याचा वार शुक्रवार. मला आयसीयूत हलवलं तो शुक्रवार.

माझं डोकं फिरलं. महिनाभर मी ज्या मुदतीसाठी जिवाच्या आकांताने उभं राहायला धडपडत होते, ती मुदत नव्हतीच. निखिलने त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं की ही आता चालणार नाही. दोन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. टीगनलाही म्हटलं, आज नको.

तिसऱ्या दिवशी त्याला यायची परवानगी होती. रिहॅबमधल्या पेशंटना आठवड्यातून एकदा, एका माणसाला, मास्क लावून, बाहेरच्या बागेत अर्धा तास भेटायची सवलत मिळाली होती. टीगनने मला व्हीलचेअरमधून नेलं आणि लांब जाऊन उभी राहिली. निखिल सहा किलोने तरी उतरला होता. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. मला ते बघून वाईट वाटलं आणि त्याचाही राग आला.

"तू मला विचारलं नाहीस," मी म्हणाले.

"कोणाला विचारू? त्या सकाळी त्या म्हणाल्या, मशिनची तयारी ठेवा. मी इराला घेऊन इथे पार्किंगमध्ये बसलो होतो. कंपनीचा मेल आला, कोपनहेगन का आइंडहोवन. मला दोन्ही नावं वाचता येईनात. मी नाही म्हणून टाकलं."

"शुक्रवारचं ठीक आहे. सोमवारी मी बोलत होते. मग महिनाभर मुदत, मुदत काय करत होतास?"

"तू उभी राहायचीस ती त्या डेन्मार्कसाठी," तो म्हणाला. "ते काढून घेतलं तर तू उठणारच नाहीस असं वाटलं मला."

"डेन्मार्कसाठी?" मी ओरडलेच. टीगनने मान वळवून बघितलं. "निखिल, मला एकटीने संडासला जायचंय म्हणून मी उभी राहते. माझी मी आंघोळ करायचीय. डेन्मार्क गेलं खड्ड्यात!"

हे तोंडातून गेलं आणि मलाच कळलं की ते खरं आहे. मुदत, विमान, हे मी स्वतःला आणि सगळ्यांना सांगत होते, कारण 'मला संडासला जायचंय' असं ध्येय सांगायला बरं वाटत नाही. निखिल हसायला लागला. मग हसता हसता मास्क ओला झाला त्याचा. नवीन मास्क टीगनने आणून दिला.

"मला वाटलं तू मला मोडीत काढलंस," मी म्हणाले.

"मी घाबरलो होतो गं. अजून आहे. नव्या देशात जाऊन परत पहिल्यापासून, आणि तुला काही झालं तर मी कोणाला हाक मारू, हेच डोक्यात होतं. तुझ्या चालण्याचा हिशोब मी केलाच नव्हता."

माझा राग त्या अर्ध्या तासात गेला नाही. सगळा अजूनही गेलेला नाही. पण कशाचा राग आहे ते नीट कळलं. त्याने माझ्या वतीने ठरवलं, जसं मी माझ्या पायांच्या वतीने पाच दिवस ठरवत होते. दोघांनीही ज्याचं त्याला विचारलं नव्हतं. त्याला युनीमध्ये, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, सहा महिन्यांचं काम मिळालं होतं, हेही त्या दिवशी कळलं. पुढचं पुढे बघू, असं म्हणून आम्ही उठलो. म्हणजे तो उठला.

दुसऱ्या दिवशी मी टीगनला म्हटलं की आता मला मुदत नको, फक्त बाथरूमपर्यंतचं अंतर सांग. तिने पावलं मोजली. अकरा. ती अकरा पावलं मला वॉकर धरून जमायला आणखी दोन आठवडे लागले. आत जाऊन मी दार लावून घेतलं आणि शांत बसून राहिले. बाहेरून टीगनने विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" इतकी ऑलराइट मी कित्येक महिन्यांत नव्हते.

तुमच्यापैकी कोणाच्या पायांना अशा मुंग्या आल्या, त्या वर चढू लागल्या आणि खुर्चीतून उठणं जड गेलं, तर कृपा करून ज्या देशात आहात तिथल्याच डॉक्टरला, त्याच दिवशी फोन करा. मामांनाही करा, पण नंतर. त्यांना काळजी करायला हक्काची जागा हवी असते. आणि सुधारत असताना कोणी तुमच्या वतीने काही ठरवलं, तर रागवा, पण तो किती घाबरला होता तेही विचारा. डॉक्टर फिओना, जोसी, टीगन, दोन प्रश्न विचारणारा तो जीपी, यांचे आभार मी प्रत्यक्ष मानलेत. रक्त देणाऱ्यांचे राहिलेत, ते इथे मानते. कुठल्या देशात जगणं चांगलं, हे मला आता एका वाक्यात सांगता येत नाही. प्राची आणि शिल्पा दोघींनी आपापल्या डॉक्टरांचे नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवलेत, एवढं मात्र मी तपासून घेतलंय.

ऑक्टोबरमध्ये मी घरी आले. हातात काठी होती. आमचं घर उतारावर आहे, दाराशी चार पायऱ्या. इरा वर दार उघडून उभी होती. निखिल माझ्या मागे, दोन्ही हात पुढे पसरून, लहान मूल पडेल म्हणून धरायला थांबतात तसा. पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच मला ते हात पाठीशी जाणवत होते.

"निखिल," मी म्हणाले, "हात खाली घे."

"पडशील."

"पडले तर सांगेन."

त्याला वेळ लागला. मी वाट बघत थांबले. मग त्याने हात खाली घेतले, आणि मी पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला.